चौथी टीप

१

धम्मशीलामावशी नसती तर मी आज हे लिहायला नसते. यात काहीही वाढवून सांगत नाही. पुढचं वाचून कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. मला स्वतःलाही त्यातलं सगळं पटत नाही. पण तिचे उपकार मात्र खरे आहेत, म्हणून तिच्यापासून सुरुवात केली.

मी हेमा, बोरीची. वडील, उद्धव सर, गावातल्याच शाळेत शिकवतात. आई अंगणवाडीत जाते. पाच वर्षांपूर्वी मी सतरा वर्षांची होते आणि अकरावीला जिंतूरला जात होते. साडेसातची एसटी असायची. सात वाजून दहा मिनिटांनी मी मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटापुढं उभी राहायची, वेणी घालायची आणि कपाटाच्या आरशात बघून फोनवर स्वतःचा एक फोटो काढायची. रोज एकच, त्याच जागी, त्याच वेळी.

हे गॅदरिंगनंतर सुरू झालं. आम्ही वर्गातल्या सात जणींनी फोटो काढला होता आणि श्रीनिधीनं तो ग्रुपवर टाकताना सगळ्यांचे चेहरे बारीक करणारं काहीतरी लावलं होतं. बाकीच्या होत्या तशाच दिसत होत्या. मी मात्र वेगळीच दिसत होते. गाल आत, हनुवटी टोकदार. खाली एकीनं लिहिलं, "हेमा, आता हाच चेहरा कायम ठेव." त्यापुढं हसणारी तोंडं. मीही एक हसणारं तोंड टाकलं आणि मग एसटीत खिडकीकडं तोंड करून बसले.

त्या आठवड्यात मी एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. तीस दिवसांत चेहरा कसा बारीक करायचा, रोज एक फोटो काढून फरक कसा बघायचा. त्यानंतर फोन उघडला की तेच. कंबर दाखवणाऱ्या मुली, गळ्याची हाडं दाखवणाऱ्या मुली, दिवसभरात आपण किती कमी खाल्लं ते हसत सांगणाऱ्या मुली. मला वाटायचं, सगळ्या जगाला हे माहीत होतं आणि बोरीत तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

२

अकराव्या दिवशी मी फोटो काढला आणि एसटीत बसल्यावर सगळे मोजले. बारा होते.

बारावा फोटो आमच्याच कपाटापुढचा होता. आरशाच्या कोपऱ्यावर चिकटवलेल्या माझ्या जुन्या टिकल्या, मागं वडिलांचा खुंटीवरचा सदरा, सगळं तेच. त्यात मीच होते, पण अंगात हिरवं कुडतं होतं. गळ्याला पिवळसर काठ. माझ्याकडं हिरवं काहीच नव्हतं. हिरवा रंग मला उठून दिसत नाही असं मीच ठरवून टाकलं होतं.

मी स्वतःला समजावलं. फोनमध्ये हल्ली काहीही होतं. कपडे बदलून दाखवणारं काहीतरी चुकून दाबलं गेलं असेल. तेवढ्यावर मी समाधान मानलं, कारण खरं सांगायचं तर त्या फोटोत मी थोडी बारीक दिसत होते.

संध्याकाळी आईनं पिशवीतून कापड काढून माझ्या खांद्यावर टाकलं.

"निवेदिताच्या लग्नात घालशील," ती म्हणाली. निवेदिता माझी मामेबहीण. "कसंय? दुकानदार म्हणला, ह्यावर पिवळा काठ लय खुलतो."

हिरवं कापड होतं. मी आईला फोटोचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, हे आज कळतं. तेव्हा मनात एवढंच आलं की मी मागितलेलं कुणीतरी ऐकलंय.

३

धम्मशीलामावशी आमच्या मागच्या गल्लीत राहते. पत्र्याची एक खोली, दारात शिलाई मशीन, भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मापांच्या वह्या. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्याकडं. तिनं माझी मापं घेतली आणि आठ दिवसांत कुडतं शिवून दिलं. अगदी नीट बसलं होतं.

तोपर्यंत फोनमध्ये दिवसांपेक्षा चार फोटो जास्त झाले होते. मग सहा. मग नऊ. मी काढायची एक आणि पुढं आणखी कुठलेतरी येऊन बसायचे. प्रत्येकात मी आदल्यापेक्षा बारीक, आणि प्रत्येकात तेच हिरवं कुडतं, अंगाला नेमकं बसलेलं. मला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी रोज सकाळी डोळे उघडल्याबरोबर मी उशीखालचा फोन काढून बघायची, आज पुढची मी कशी दिसतेय. आणि मग दिवसभर तिच्यापर्यंत पोचायची धडपड.

कसं ते मी सांगणार नाही. वाचणाऱ्यांत एखादी तशी मुलगी असेल तर तिला नवं काही शिकवायचं नाही मला. एवढंच सांगते की डबा जायचा तसा परत यायचा नाही, आणि तो मी खाल्लेलाही नसायचा. वर्गात फळ्यावरची अक्षरं हलायची. एसटीच्या दांडीला धरलेले हात भर उन्हात गार पडायचे.

लोक खूश होते. "चेहरा निघाला बग पोरीचा," शेजारची कुसुमबाई म्हणाली. श्रीनिधीनं विचारलं, "काय करायलीस गं? लय भारी दिसायलीस." आईसुद्धा पहिल्यांदा म्हणाली, वयात आल्या की पोरी बारीक होतातच. यात कुणाचंच मन वाईट नव्हतं.

कुडतं सैल झालं. मावशीनं दोन्ही बाजूंनी एकेक टीप मारून ते आत घेतलं. लग्नात ते घातलं, सगळ्यांनी कौतुक केलं. तीन आठवड्यांनी पुन्हा सैल झालं. मावशीनं पुन्हा टीप मारली. या वेळी तिनं माझ्या दंडाला हात लावून पाहिला आणि काही बोलली नाही.

एका दुपारी मी घरात एकटीच होते. एप्रिल. रस्त्यावर चिटपाखरू नाही, पंखा गरम हवा फिरवत होता. फोन मधल्या खोलीत फळीवर ठेवलेला. मी स्वयंपाकघरात पाणी पीत होते आणि तिकडून फोटो काढल्याचा आवाज आला. खट्.

फोनचा तो आवाज मी कधीच बंद करून ठेवला होता.

मी गेले. खोलीत कुणी नव्हतं. फोन फळीवर पालथा पडलेला, मी ठेवला तसाच. उचलला, उघडला. एक फोटो वाढला होता. फळीवरून, पालथ्या फोनमधून निघायला नको असा. कपाटापुढं मी उभी, कुडतं घातलेली, हात वर करून केस बांधत होते. आणि मागं भिंतीवरच्या कॅलेंडरवर जुलै महिना होता.

मी वळून कॅलेंडरकडं पाहिलं. एप्रिल. भूक लागली की माणसाला काहीही दिसतं, मी स्वतःशी म्हणाले. मग लक्षात आलं की आपल्याला भूक लागलीय हे आपण कित्येक दिवसांत पहिल्यांदाच कबूल केलंय.

४

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर मी कुडतं घेऊन तिसऱ्यांदा मावशीकडं गेले. ती शाळेचे गणवेश शिवत होती.

"आता काय?" मशीन थांबवून ती म्हणाली.

"अजून थोडं आत घे."

"किती?"

मी फोन काढून तो कॅलेंडरवाला फोटो तिच्यापुढं धरला. "एवढं."

"हा कवा काढला?"

"श्रीनिधीनं बनवून दिलाय. फोनमध्ये करता येतं तसं." मी खोटंच सांगितलं.

मावशीनं चष्मा लावला. फोटोवर दोन बोटं ठेवून तो मोठा केला. माझ्या चेहऱ्याकडं तिनं पाहिलंच नाही. ती बघत होती कुडत्याच्या बाजूला, जिथं कट सुरू होतो तिथं. फोटोत हात वर केल्यामुळं कटाचं कापड उलटं होऊन आतली बाजू दिसत होती. किती तरी वेळ ती तेच बघत राहिली. मग माझ्या हातातलं खरं कुडतं घेतलं, उलटं केलं, आणि तीच जागा बोटानं चाचपली.

"हेमे, मी ह्याला आत घेतलंय किती वेळा?"

"दोनदा."

"दोनदा. ह्या बग दोन टिपा." तिनं मला दाखवल्या. "आन ह्या फोटोत चार हायेत."

मी कुडतं परत घ्यायला हात पुढं केला, तिनं ते सोडलं नाही.

"फोनमधी बनवलं म्हणतीस. बनवणाऱ्याला तोंड बारीक करता येत आसंल, कंबर बारीक करता येत आसंल. आतल्या टिपा कशाला काढील त्यो? आन काढल्या तर काढल्या, पर टीप संपताना मी दोरा तीनदा मागं घेते. माझ्या मायनं शिकवलेलं हाय ते. गावात दुसरं कुणी घेत न्हाई." तिनं फोटोवर नख ठेवलं. "ह्यो हात माझा हाय. आन हे मी शिवलेलं न्हाई. अजून न्हाई."

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. पत्रे थरथरले आणि पुन्हा शांत झालं. इतके दिवस मी एकटीनं जे पाहत होते ते दुसऱ्या कुणीतरी पाहिलं होतं. मी तिथंच गणवेशाच्या ढिगाशेजारी खाली बसले. रडत रडत सगळं सांगितलं. जास्तीचे फोटो, हिरवं कापड, कालचा आवाज, डब्यांचं काय करते तेही.

मावशी मधे एकदाही म्हणाली नाही की वेडी झालीस का. तिनं फक्त विचारलं, "ह्याच्या फुडं हायेत का?"

"असतील. मी बघितले नाहीत."

तिनं बोटानं फोटो सरकवला. एक. दुसरा. तिसरा. तिच्या तोंडावरचं बघूनच मला कळत होतं की काहीतरी कमी कमी होत चाललंय. पुढचा फोटो सरकला तेव्हा तिनं श्वास घेतला आणि तो सोडलाच नाही. मी वाकून बघायला गेले. मला फक्त कपाटाची कड दिसली आणि हिरव्या रंगाचा एक तुकडा. तिनं फोन छातीशी धरला.

"तुला न्हाई बगायचं हे," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच जणू. "उठ. आईकडं चल."

फोन तिनं बटनांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला, वर कात्री ठेवली, आणि कुडतं खुंटीला अडकवलं.

५

आईला तिनं फोटोंचं सांगितलं नाही. अंगणवाडीच्या पायरीवर बसून ती सरळ म्हणाली, "वैनी, पोरगी जेवत न्हाई. लय दिसापासून. मी दोनदा कपडा आत घेतला आन गप बसले, माझी चुकी झाली."

आई आधी चिडली. मग तिनं माझं मनगट हातात घेतलं आणि एकमेकांवर चढलेल्या स्वतःच्या बोटांकडं बघत राहिली. "अगं माय," एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात आईनं मला पोखर्णीला नेलं, नृसिंहापुढं डोकं टेकायला लावलं. त्याच आठवड्यात वडिलांनी परभणीला एका डॉक्टरबाईंकडं नेलं. दोन्हीसाठी मी त्यांची ऋणी आहे. डॉक्टरबाईंनी या आजाराला नाव असतं हे सांगितलं, माझ्यासारख्या बऱ्याच मुली येतात हेही सांगितलं, आणि दर बुधवारी बोलायला बोलावलं. फोटोंबद्दल मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. उपाशी मेंदू काहीही दाखवतो, त्या म्हणाल्या, आणि तो दाखवतो ते त्या माणसाला अगदी खरं असतं. ते मला पटलं. अजूनही बऱ्यापैकी पटतं. फक्त मावशी उपाशी नव्हती, एवढं एकच त्यात बसत नाही.

तेव्हापासून मी रोज मावशीच्या खोलीत बसायची. हे तिनंच ठरवलं होतं. दुपारचं जेवण तिच्यासोबत. भाकरी, एखादी भाजी, ठेचा. ती माझ्या ताटाकडं कधी बघायची नाही. ती स्वतः जेवायची, गावातल्या गोष्टी सांगायची, आणि माझं ताट संपेपर्यंत उठायची नाही. कधी कधी त्याला तासभर लागायचा. गणवेशांचं काम खोळंबायचं. पहिले काही दिवस प्रत्येक घास गिळताना मला वाटायचं, पुढच्या त्या मुलीपासून मी लांब चाललेय आणि ती माझ्यावर रागावलीय.

आणि त्या पहिल्या दिवसांत बटनांच्या डब्यातून आवाज यायचा. खट्.

दिवसातून एकदाच. जेवताना. फोनची बॅटरी पहिल्या दोन दिवसांतच संपली असणार, कारण चार्जर आमच्या घरी होता. तरी पंधराव्या दिवशीही आवाज आला. मी घास हातात धरून मावशीकडं पाहिलं. तिलाही ऐकू आला होता. तिचा हात थांबला होता.

"वाजू दे," ती म्हणाली. "जेव तू."

मी जेवले. किती दिवसांनी तो थांबला हे मला सांगता येणार नाही. एका दुपारी लक्षात आलं की आपण त्याची वाटच बघितली नाही.

६

जुलैत एके दिवशी मावशीनं खुंटीवरचं हिरवं कुडतं काढलं. "घालून बग."

ते खांद्यातच अडकलं. माझे डोळे भरले. मावशी म्हणाली, "उसवू. कापड कापलं न्हाई मी. आत घेताना समदे कापून टाकतात, मला नको वाटलं. माया तशीच हाय." शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखतात त्याला शिंपी माया म्हणतात. मला तो शब्द तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आला.

ती दारात उजेडाला बसली, कुडतं उलटं केलं, आणि ब्लेडनं टीप उसवायला लागली. एक बाजू. दोरा ओढून काढला. मग दुसरी टीप. मग ती थांबली.

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. दुसऱ्या टिपेच्या आत, बोटभर अंतरावर, तिसरी होती. तिच्याही आत चौथी.

कुडतं एप्रिलपासून त्या खुंटीवर होतं. खोलीला एकच दार, किल्ली तिच्या कमरेला. दोरा तोच हिरवा, आणि प्रत्येक टिपेच्या शेवटी तीनदा मागं घेतलेला.

मी स्वतःला खूप कारणं दिली आहेत. दोनदाच आत घेतलं असं आम्हा दोघींनाही चुकून वाटत असेल. एखाद्या दुपारी दुसऱ्या कुणाचं म्हणून तिनं हेच मशीनवर घेतलं असेल. असेलही. पण त्या वेळी ती स्वतःच्या हातांकडं अशी बघत होती जशी कुणी अनोळखी माणसाच्या हातांकडं बघतं.

मग तिनं तिसरी टीप उसवली. मग चौथी. दोरे गोळा करून चुलीत टाकले.

कुडतं मला बसलं.

त्याच संध्याकाळी वडिलांनी डब्यातला फोन घरी आणून चार्ज केला. मी त्यांच्याशेजारी बसून फोटो मोजले. अकराच होते; त्यानंतर मी रोज काढलेले माझे स्वतःचेही गेले होते. हिरवं कुडतं एकातही नव्हतं. त्यातल्या पहिल्या फोटोत एक मुलगी होती, भरल्या गालांची, वेणी घातलेली, एसटीची घाई असलेली. मी तिला खूप वेळ पाहिलं. तिच्यात काय वाईट होतं ते मला शोधूनही सापडलं नाही. वडिलांनी विचारलं, "ठेवायचे का पुसायचे?" मी ठेवा म्हणाले.

७

आता मी परभणीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वॉर्डात कधी एखादी मुलगी येते, चक्कर आली म्हणून, अशक्तपणा म्हणून, आणि तिची आई म्हणते की काय झालंय कळत नाही. मी त्या मुलीशेजारी बसते आणि तिच्या फोनबद्दल विचारते. अजून तरी कुणी जास्तीच्या फोटोंबद्दल बोललेलं नाही. पण दोघी जणी बोलता बोलता मधेच गप्प झाल्या, तेव्हा मी उठले नाही.

गेल्या महिन्यात बोरीला गेले होते. मावशीच्या खोलीत आता नवं मशीन आहे. ती थोडी वाकलीय. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"मावशी, त्या दिवशी शेवटच्या फोटोत काय होतं?"

तिनं सुईत दोरा ओवला. मला वाटलं, सांगणार नाही.

"मी व्हते," ती म्हणाली.

"तू?"

"मीच. तुमच्या त्या कपाटापुढं गुडघ्यावर बसलेली. तोंडात टाचण्या धरलेल्या. कुडतं माझ्यापुढं उभं व्हतं." तिनं दोऱ्याला गाठ मारली. "आत कुणी न्हवतं, हेमे. गळ्यातून मागची भिंत दिसायलती. आन मी त्याला टाचण्या लावायलते, अजून आत घ्यायला. वर बगून हसायलते. कुणी सांगायलंय आन मी व्हय व्हय म्हणायलेय, तशी."

बाहेर उन्हात कुठंतरी कोंबडी ओरडत होती.

"समद्यांनी तुला बारीक केलं आसंल," मावशी म्हणाली. "पर त्या फोटोत दुसरं कुणीच न्हवतं गं. नुसती मी. तवाच ठरवलं, काय व्हायचं ते होऊ दे, माझ्या हातानं न्हाई."

पाच वर्षं मी समजत होते की तिनं माझं काहीतरी भयंकर पाहिलं आणि मला त्यापासून वाचवलं. तिनं स्वतःला पाहिलं होतं. तेवढं पाहून माणूस दार लावून घेतं, दुसऱ्यावर ढकलतं, विसरून जातं. ती उठून माझ्या आईकडं गेली होती आणि माझी चुकी झाली म्हणाली होती.

मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं मला दंडाला धरून वर ओढलं. "ते राहू दे. परभणीची गाडी कवा हाय तुजी?"

"तीनला."

"मग बस. झुणका केलाय."

ती समोर बसली आणि जेवता जेवता सांगायला लागली, किशनरावच्या सुनेला जुळी झाली ते, शाळेच्या गणवेशाचा रंग यंदा बदलला ते. मी दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी तिनं न विचारता वाढली. तीही खाल्ली, आणि तीनची गाडी चुकली.